काकी आणि बागेतला राखणदार : देवगडच्या एका विनोदी लघुपटाच्या प्रकल्प नोंदी

१५ फेब्रुवारी २०२५ : गोष्ट

गोष्ट एवढीच आहे. देवगड तालुक्यात आंब्याच्या कलमांच्या बागेला लागून काकीचं घर. वय सत्तरीपार, मुलगे मुंबईला. हंगामासाठी नेपाळहून आलेला राखणदार पंचविशीचा, बागेतल्या मांगरात, म्हणजे खोपटात, राहणारा. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही आणि एकमेकांवर विश्वासही नाही. देवगड-रत्नागिरीकडच्या बागांत राखणीला आणि काढणीला नेपाळी कामगार हंगामभर मुक्कामाला असतात, त्यामुळे ही जोडी ओढूनताणून जमवलेली नाही. इथल्या प्रेक्षकाने ती शेजारच्या बागेत पाहिलेली असते.

पहिला निर्णय असा की विनोद भाषेच्या गोंधळावर टाकायचा नाही. शब्द न कळल्याचं हसू एकदा येतं, दुसऱ्यांदा न कळणारा माणूस बावळट दिसायला लागतो, आणि तो बहुतेक वेळा बाहेरून आलेलाच असतो. मैत्रीच्या विनोदात दोघंही आपापल्या कामात तरबेज लागतात. काकीला जमिनीवरून नुसत्या नजरेने तयार आंबा कळतो, पण झाडावर चढणं आता होत नाही. पोरगा डोंगरातला, शेंड्यापर्यंत चढतो, पण कुठला आंबा तयार ते त्याला उमगत नाही. नजर खाली, हात वर. सगळी पटकथा या अंतरावर उभी केली आहे.

मुख्य प्रसंग वहाणांचा. गावाचा राखणदार, म्हणजे देवचार, रात्री हद्दीत फेरी मारतो, चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा ठेवायच्या, ही सिंधुदुर्गातली जुनी श्रद्धा. आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या वहाणा वाहतात त्या याच भावनेने. माकडांपासून बाग वाचावी म्हणून काकी गडग्याच्या, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाच्या, कोपऱ्यावर नवी जोडी ठेवते. पोराची स्लिपर तुटलेली. सकाळी वहाणा गायब, काकी कृतार्थ. पुढे तिला पावलांचे ठसे मांगराकडे जाताना दिसतात आणि भांडण पेटतं. यात श्रद्धेची टर कुठेही नाही. त्या वहाणा घालून जो रात्रभर फेरी मारतो, तो बाग खरोखरच राखतो. काकीने हे ओळखणं हा गोष्टीचा कणा आहे. ती भोळसट वाटली तर प्रसंग पडला असं समजायचं.

८ मार्च : संवाद

मालवणी सगळीकडे एकसारखी नाही. देवगडकडची आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची ऐकताच वेगळी कळते. काकीचं सगळं बोलणं एकाच गावच्या बायकांकडून तपासून घेतलं. वाक्यं आखूड ठेवली : "तुका काय व्हया?" (तुला काय हवं?), "हयसर बस." (इथे बस.) लांब मालवणी वाक्य बाहेरच्या नटीच्या तोंडी नाटकी वाटतं, आखूड वाक्य अंगात मुरतं. शिव्या मोजून ठेवल्या आहेत. मालवणी म्हटलं की शिवी आणि शिवी म्हटलं की हशा, या सवयीने चांगल्या बोलीचं फार नुकसान केलं आहे.

पोराची भूमिका नेपाळी मातृभाषा असलेल्या नटालाच द्यायची. हेल काढून नेपाळी बोलणारा मराठी नट नको. बागमालक आणि कामगार मोडक्या हिंदीत बोलतात, तीच इथे तिसरी भाषा. दोघांनाही ती कमीच येते, त्यामुळे कोणी वरचढ होत नाही.

नेपाळी वाक्यांना मराठी सबटायटल द्यायचं नाही, असं ठरलं. प्रेक्षकाला काकीइतकंच कळावं. अट एकच : प्रत्येक प्रसंग आवाज बंद करून पाहिला तरी उलगडला पाहिजे.

पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब इथे चालत नाही. "काकी वहाणा ठेवते" ही एक ओळ. पण ती वाकते, जोडी सरळ करते, मागे वळून बघते, परत येऊन जोडीचं तोंड बागेकडे फिरवते, यात चाळीस सेकंद जातात. म्हणून प्रत्येक मुका प्रसंग प्रत्यक्ष करून स्टॉपवॉचने मोजला आणि मगच लांबी धरली.

२३ मार्च : जागा, उजेड, वारा

घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), कौलारू, खळं (पुढचं अंगण) पूर्वेला. सकाळी लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, सरळ उजेड येतो, साडेनऊनंतर तो कौलांच्या वर जातो आणि लोट्यात छान मऊ सावली पडते. घरातले प्रसंग साडेनऊ ते अकरा.

कलमांखाली अडचण दुहेरी. पानांतून येणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर पडले की उजळ आणि काळोख्या भागात तीन-चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक पडतो, आणि नट हलला की ठिपकेही हलतात. त्यात वरून पानांची हिरवी आणि खालून जांभ्या मातीची तांबडी झाक चेहऱ्यावर येते. हनुवटीखालचा तांबडा रंग नंतर संगणकावर काढायला गेलं तर ओठ पांढरे पडतात. उपाय स्वस्त आहे : फ्रेमबाहेर जमिनीवर सहा फूट बाय सहा फूट मांजरपाट अंथरायचा. तांबडं दबतं आणि खालून हलका उजेडही मिळतो. वर आठ फुटी पातळ पांढरं कापड चार दोऱ्यांनी फांद्यांना बांधायचं, स्टँडवर नको. स्टँडवरचं कापड वाऱ्याला शिडासारखं फुगतं.

शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे इथे ध्वनिमुद्रणाचं वेळापत्रक ठरवतात. सकाळी जमिनीकडून येणारा वारा मंद असतो. दुपारी समुद्राकडचा खारा वारा सुटला की कलमांची सळसळ संवादावर चढते आणि ती गाळून काढता येत नाही, कारण ती बोलण्याच्याच पट्ट्यात असते. संवाद अकराच्या आत, दुपारी मुके प्रसंग. शेजारच्या बागांत फवारणीचा पंप कधी चालणार हे आदल्या संध्याकाळी विचारून ठेवायचं. ६ एप्रिलला रामनवमी आणि १२ एप्रिलला हनुमान जयंती, देवळांत लाउडस्पीकर. ते दोन्ही दिवस ध्वनीसाठी सोडले.

मालकाची लेखी संमती, ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस ठाण्यात सूचना. बंदर-जेटीवर चित्रण असेल तर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाची परवानगी वेगळी लागते. गोष्टीला जेटीची गरज नाही, म्हणून ती ठेवलीच नाही.

२ एप्रिल : आंब्याची कंटिन्युइटी

या चित्रपटातला तिसरा नट म्हणजे हापूस, आणि तो रोज रंग बदलतो.

गोष्टीच्या क्रमाने आधी काढणी (हिरवा), मग पेटी भरताना निवड (कुठे पिवळी झाक), शेवटी दोघं खळ्यात बसून खातात तो आंबा (पूर्ण पिकलेला, केशरी-पिवळा). चित्रण मात्र जागेनुसार उलटसुलट. खाण्याचा प्रसंग आधी आला तर पिकलेला आंबा आधी हवा. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झालेला आंबा काढून भाताच्या पेंढ्याच्या अढीत घातला की एप्रिलच्या हवेत साधारण आठ ते बारा दिवसांत पिकतो. हे मागेपुढे होतं : ढगाळ हवेत लांबतं, पत्र्याखालच्या खोलीत लवकर होतं. एकाच अढीवर विसंबलं तर प्रसंगाच्या दिवशी एक तर अर्धकच्चे मिळतात, नाही तर सुरकुतलेले.

म्हणून चार-चार दिवसांच्या अंतराने तीन अढ्या लावायच्या, प्रत्येकीत चार डझन. खाली तीन-चार इंच पेंढा, आंब्यांचा एकच थर, वर पुन्हा पेंढा. प्रत्येक अढीवर काढणीची तारीख लिहिलेली पाटी. रोज सकाळी प्रत्येक अढीतले दोन आंबे त्याच उजेडात, रंग ताडून पाहायच्या करड्या कार्डाशेजारी ठेवून फोटो काढायचा. कुठल्या टेकमध्ये कुठल्या अढीचा आंबा होता हे क्लॅपच्या नोंदीत यायलाच हवं. कार्बाईड अजिबात नाही. त्यावर बंदी आहेच, शिवाय त्याने साल पिवळी होते आणि देठाजवळ हिरवी राहते, जाणकार प्रेक्षकाला ते पडद्यावर ओळखू येतं. देवगडात दाखवायचा चित्रपट आहे, आंबा खोटा चालणार नाही.

खाण्याच्या प्रसंगाला प्रत्येक टेकला दोन आंबे. रस मनगटापर्यंत ओघळला की पुढच्या टेकआधी हात धुवून, पुसून, पूर्ण सुकवून घ्यायचे. ओलसर हातावर रस पातळ दिसतो. काकीच्या लुगड्याचे तीन जोड आणले आहेत. आंब्याचा डाग सेटवर निघत नाही.

१० एप्रिल : तालीम

दोघांची गती वेगळी ठेवली आहे. काकी हळू चालते, पण निर्णय चटकन घेते. पोरगा झपाझप हलतो, पण ठरवायला वेळ लावतो. तालमीत लक्ष इथेच ठेवायचं. दोघं एकाच लयीत आले की प्रसंग सपाट होतो, आणि नट एकमेकांना आवडायला लागले की नकळत लय जुळते. ती जुळू द्यायची जागा एकच, शेवटचा आंबा खाताना.

१५ एप्रिल : वहाणांची रात्र

घराच्या मीटरवर भार कमी, म्हणून दोनशे वॅटच्या आतले दोन एलईडी दिवे आणि पोराच्या हातातली पिवळी बॅटरी, एवढ्यावर रात्र. कॅमेरा ४००० केल्व्हिनवर (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप), चांदण्याचा दिवा ५६०० वर. त्यामुळे चांदणं जरा निळसर आणि बॅटरी उबदार दिसते, गडद निळ्या रात्रीचा सिनेमापणा येत नाही. दिवा गडग्यापलीकडे, फांदीवरून मांजरपाटावर मारून परतवलेला. २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर बदललं की लोट्यावरचा बल्ब लुकलुकतो.

वहाणा चामड्याच्या, मुद्दाम दोन नंबर मोठ्या करून घेतल्या. पोराच्या पायात त्या फटक-फटक वाजतात, आणि काकी अंथरुणातून तो आवाज ऐकून हात जोडते. हा आवाज जागेवर नीट मिळत नाही, कारण पाचोळ्याचा चुरचुराट त्याला गिळतो. चालण्याची वाट झाडून घेतली, कॅमेऱ्याला दिसणारा पाचोळा कडेला ठेवला, आणि नुसत्या पावलांचं वेगळं मुद्रण चिऱ्याच्या फरशीवर आणि मातीवर असं दोनदा केलं. काठीला घुंगरू बांधायचं का, यावर चर्चा झाली. देवचाराच्या हातात घुंगूरकाठी असते, त्यामुळे घुंगरू वाजलं तर प्रेक्षकही क्षणभर फसेल. पण प्रेक्षकाला आधीच खरं ठाऊक असणं इथे जास्त गोड आहे. घुंगरू नाही.

१९ एप्रिल : माकडं, न दाखवता

माकडांना शिकवून खेळ करवण्यावर आपल्याकडे बंदी आहे, आणि जंगलातल्या टोळीला खाऊ टाकून कॅमेऱ्यासमोर आणणं गैर तर आहेच, पण त्याने गावाला पुढे हंगामभर त्रास होतो. माकड एकाही फ्रेममध्ये नाही. विनोदाला त्याने उलट बळच येतं, कारण दोघांचे चेहरेच पाहायचे आहेत.

रीत अशी. मनगटाएवढ्या फांदीला खाकी नायलॉन दोरी, तिला झाडामागून हिसडा. एकाच फांदीला सारखे हिसडे दिले तर पानं आणि कैऱ्या झडतात आणि पुढच्या टेकला फांदी बोडकी दिसते. म्हणून तीन फांद्यांना दोऱ्या बांधून आळीपाळीने. उष्टे आंबे वरून टाकायचे ते माणसाच्या दातांचे नकोत, चाकूच्या टोकाने खरवडून करायचे. नजरेसाठी बांबूच्या टोकाला तांबडं फडकं. काकी आणि पोरगा दोघांची नजर त्याच फडक्यावर, नाही तर दोघं दोन वेगळी माकडं बघताहेत असं वाटतं. पत्र्याचा डबा बडवण्याचा आवाज जवळून घेतला तर मायक्रोफोनची पातळी फुटते; बूम (दांडीवरचा मायक्रोफोन) दहा फूट मागे आणि दुसरा ट्रॅक बारा डेसिबल खाली ठेवून समांतर मुद्रण.

२२ एप्रिल : काढणी

हा प्रसंग सगळ्यात अवघड, आणि जमला तर सगळ्यात चांगला. काकी खालून काठीने आंबा दाखवते, पोरगा वर भलताच तोडतो. दोघं एका फ्रेममध्ये असली पाहिजेत. खालचा चेहरा, वरचा चेहरा, असं कापत गेलं की हसू मरतं, कारण गंमत दोघांमधल्या अंतरात आहे. ३५ मिमी लेन्स, कॅमेरा बारा मीटरवर, छातीच्या उंचीला. काकी डावीकडे खाली, पोरगा उजवीकडे वर. काकीची काठी पूर्ण फ्रेम कापत वर जाते. प्रेक्षकाला ती काठी नेमका कुठला आंबा दाखवते ते दिसायला हवं, म्हणून त्या आंब्यामागची पानं काढून आभाळाचा तुकडा मोकळा केला.

नट तीन मीटरपेक्षा वर जात नाही. आंब्याची फांदी वरून जाड दिसते आणि जोडापाशी काडकन मोडते. जॅकेटखाली हार्नेस, दोर मागच्या खोडाला. चढण्याआधी पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या फांदीवर नाहीत ना ते बघायचं. त्या डसल्या की माणूस हात सोडतो.

मग काकी झेला पुढे करते. कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला वापरला आहे. बांबूच्या टोकाला कडं, पातं आणि जाळी. आंबा जाळीत घ्यायचा, देठ पात्यावर आणायचा, खाली हिसका. देठ एक-दीड इंच राहिला पाहिजे, नाही तर चीक ओघळतो, सालीवर काळा डाग पडतो, आणि नटाच्या हातावर उडाला तर कातडी भाजते. काकीचा हात या कामात सराईत दिसायला हवा, म्हणून नटीने बागेतल्या बायकांबरोबर झेला आधीपासून चालवला. पोराचा झेला डोलतो, तो डोल शिकवावा लागत नाही, लांब बांबू नवख्याच्या हातात आपोआप डोलतो.

पुन्हा टेक घ्यायचा तर तोडलेला आंबा परत लावावा लागतो. लांब देठासकट काढलेले आंबे हिरव्या शिवणदोऱ्याने फांदीला बांधायचे, गाठ देठामागे. बांधलेला आंबा झाडाच्या आंब्यासारखा लोंबत नाही, जरा तिरका राहतो. कॅमेऱ्यापासून आठ मीटरपलीकडे हे कळत नाही, जवळच्या शॉटला खरेच आंबे राखून ठेवायचे. राखलेल्या फांद्यांना फीत बांधली आहे आणि उशिरा काढल्याने होणाऱ्या गळीची भरपाई मालकाला आधीच ठरवून दिली आहे.

२५ एप्रिल : तिरफळ

भांडणानंतर बोलणं बंद असतानाचा प्रसंग. काकी तिरफळ, म्हणजे कोकणी मसाल्याचं फळ, घालून बांगड्याचं कालवण करते, वास मांगरापर्यंत जातो, पोरगा गडग्यापाशी येऊन उभा राहतो. तिरफळ. नेपाळच्या डोंगरात टिमुर नावाचा मसाला आहे, तो तिरफळाच्याच कुळातला, तसाच वासाचा, तसाच जिभेला झिणझिण्या आणणारा. हजारेक मैलांवरून आलेल्या पोराला कोकणच्या कालवणात घरचा वास सापडतो. हे लिहून बसवलेलं नाही, वनस्पतीच तशा आहेत, आणि या चित्रपटाला याहून चांगला दुवा मिळाला नसता.

वास पडद्यावर दिसत नाही. म्हणून आधी काकीच्या हाताचा जवळचा शॉट : वाळल्या तिरफळांतल्या काळ्या बिया काढून टाकणं, टरफलं जराशी ठेचणं, कालवण उकळल्यावर शेवटी आठ-दहा टाकणं. मग तीन सेकंद वाफ. वाफ दिसायला मागे काळोख आणि बाजूने-मागून उजेड लागतो, समोरच्या उजेडात ती नाहीशी होते. मग पोराचा चेहरा. तालमीत तिरफळ नसलेलं कालवण द्यायचं. तिरफळाच्या काही घासांनी जीभ बधिर होते आणि पहिल्या घासाचा अनुभव चेहऱ्यावर उमटत नाही. खरं कालवण फक्त पहिल्या टेकला. तोच टेक ठेवला आहे.

२८ एप्रिल : समुद्र

पोराने समुद्र पाहिलेला नाही, काकी समुद्रापासून चालत अंतरावर राहून वर्षानुवर्षं तिकडे गेलेली नाही. किनारा तांबळडेगचा, कुणकेश्वरला संध्याकाळी माणसं फार.

दिवस तिथी बघून ठरवला. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आज वैशाख शुद्ध प्रतिपदा, म्हणजे पाऊणला भरती, तिथून सव्वासहा तासांनी, सातच्या सुमारास ओहोटी. सूर्यास्त त्याच्या जरा आधी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्यास्त आणि ओहोटी अशी जुळते, उधाणामुळे पाणी लांब जातं आणि आरशासारखी ओली वाळू मिळते. अष्टमीला हेच चित्र उलटं, संध्याकाळी भरती आणि पाय ठेवायला कोरडी पट्टी. देवगडची वेळ या हिशोबापेक्षा थोडी मागेपुढे होते, म्हणून मच्छीमारांना विचारून पक्की केली.

ओल्या वाळूवर पावलं उमटली की तो पट्टा संपला. प्रत्येक टेक वीस मीटर उत्तरेला सरकवला. सगळं युनिट कॅमेऱ्याच्या मागूनच, दक्षिणेकडून चाललं पाहिजे, याकडे एका माणसाने फक्त लक्ष ठेवायचं. खारा वारा जोरात असतो, त्यामुळे इथलं बोलणं सुरूच्या बनाच्या आडोशाला पुन्हा घेतलं. लेन्सवर खारं पाणी सुकलं की कोरड्या कापडाने ओरखडा पडतो. पुढे साधा काचेचा फिल्टर आणि तो डिस्टिल्ड पाण्याने आधी ओला करून पुसायचा.

१० मे : संकलन

दोघांच्या फ्रेमवरून एकाच्या चेहऱ्यावर कधी जायचं, हाच सगळा प्रश्न. नियम ठेवला : एखादा काही लपवत असेल तेव्हाच एकट्याचा चेहरा. वहाणा लपवणारा पोरगा, ओळखूनही न बोलणारी काकी. बाकी दोघं एकत्र. काढणीच्या प्रसंगात चुकीचा आंबा पडल्यावर काकी काठी खाली करते, त्यानंतर बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, जास्त थांबलं की हसू येतं. कमी केलं तर नुसता अपघात वाटतो. पार्श्वसंगीत विनोदाच्या जागांवरून काढलं. संगीत प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतं की आता हसा.

२५ मे : पाऊस

हवामान खात्याने आज मान्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर केलं, नेहमीपेक्षा बराच आधी. पाऊस तर त्याआधीच चालू होता. उरलेला शॉट, पोरगा गावी निघतो तो, कोरड्या सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या माळावरचा, होता. भिजलेला जांभा काळपट होतो, आधीच्या तांबड्या धुळीशी तो जुळणार नाही, म्हणून शॉटच पावसात बदलला. हंगाम संपल्याचं त्याने आपोआप कळतं.

आता पोरगा त्या वहाणा प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरतो आणि तुटक्या स्लिपरवर चालू लागतो. लोट्यावरून काकी हातवारे करते, वहाणा घाल म्हणून. तो मान हलवतो, भिजतील म्हणून. शब्द एकही नाही, कौलांवरच्या पावसात ऐकूही आले नसते. कॅमेरा लोट्याच्या आत, ५० मिमी, काकी पाठमोरी पुढे, पोरगा खळ्यापलीकडे. पाऊस दिसायला मागे काळोखी झाडी ठेवली. आभाळासमोर पावसाची रेघ दिसत नाही. गाडीच्या एसीतून काढलेली लेन्स लगेच उघडली तर धुकं धरते, बॅग बंद ठेवून अर्धा तास हवेशी जुळू द्यायची.

कौलांवरचा, मांगराच्या पत्र्यावरचा आणि पागोळ्यांचा पाऊस वेगवेगळा मुद्रित केला. पत्र्याचा पाऊस मिश्रणात फक्त मांगराच्या शॉटखाली जाईल. पिशवीच्या प्लास्टिकचा चुरचुर आवाज स्टुडिओत करायचा राहिला आहे, वहाणांची जोडी त्यासाठी कोरडी ठेवली आहे.